कॉपी पाठवण्याआधी काय तपासावे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या भाषेबद्दल वाचकांची जी पत्रे छापून येतात, त्यांतली बरीचशी ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार करतात. तक्रार रास्त असते. पण मुद्रितशोधन (छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणे) आणि संपादन करणाऱ्या आम्हांला त्याहून जास्त धास्ती वाटते ती वाक्यातल्या गोंधळाची. कोणी केले, कोणाला केले, हे कोण म्हणतो, या तीन गोष्टींत घोटाळा झाला की निरपराध माणूस आरोपी ठरतो आणि जबाबदार माणूस वाक्यातून निसटून जातो. पूर्वी तालुक्याच्या वार्ताहराची कॉपी, म्हणजे छापण्यासाठी पाठवलेला मजकूर, आधी उपसंपादकाच्या आणि मग मुद्रितशोधकाच्या हातून जाई. आता अनेक ठिकाणी मोबाइलवर टाइप केलेला मजकूर जवळपास तसाच पानावर किंवा संकेतस्थळावर जातो. मुक्तपणे लिहिणारे लेखक आणि मानधनावर बातम्या पाठवणारे वार्ताहर यांना स्वतःची कॉपी स्वतःच तपासावी लागते. ती कशी तपासावी, हे त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात क्रियापदांपासून करावी. ‘भरधाव ट्रकने धडक देऊन दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला’ हे वाक्य अपघाताच्या बातम्यांत सतत दिसते. ‘ऊन’ लागलेल्या रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. इथे धडक देणारा ट्रक आहे आणि पुढे मृत्यू झाला आहे दुचाकीस्वाराचा. ‘धडक दिल्याने’ केले की वाक्य सरळ होते, कारण ‘ल्याने’ला दोन वेगळे कर्ते चालतात. ‘ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वाराचा मृत्यू’ हे त्याहून आटोपशीर. ‘गळा दाबून तिचा मृत्यू झाला’ या वाक्यातही हीच चूक आहे, आणि इथे ती अधिक गंभीर आहे, कारण गळा दाबणारा माणूस वाक्यातून नाहीसाच झाला. ‘गळा दाबून तिचा खून केला’ असे लिहायला गेले की ‘कोणी?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो उभा राहायलाच हवा.

‘ताना’चे रूप आणखी फसवे असते. ‘पोलिसांनी पळून जाताना चोराला पकडले.’ पळत कोण होते? संदर्भाने वाचक समजून घेतो, पण वाक्याने त्याला मदत केलेली नाही. ‘पळून जाणाऱ्या चोराला पोलिसांनी पकडले’ असे लिहिले की शंका उरत नाही. जिथे दोन माणसे आणि एक ‘ताना’ आहे, तिथे ‘ताना’चे ‘णारा’ करून पाहावे.

सर्वनामांचेही असेच. ‘मंत्र्यांनी सचिवांना त्यांच्या कार्यालयात बोलावले’ या वाक्यात कार्यालय कोणाचे, हे कळत नाही. मराठीत यासाठी ‘आपला’ आहे आणि तो कर्त्याकडेच बोट दाखवतो. मंत्र्यांचे कार्यालय असेल तर ‘आपल्या कार्यालयात’. सचिवांचे असेल तर नाव पुन्हा लिहावे, पुनरुक्तीला घाबरू नये. इंग्रजीतून किंवा हिंदीतून मजकूर आणणारे लेखक ‘आपल्या’च्या जागी सरसकट ‘त्याच्या’ लिहितात. पैशाच्या किंवा मालमत्तेच्या वादाची बातमी असेल तर एवढ्याने अर्थ उलटतो.

मथळ्यात शब्द कमी, म्हणून धोका जास्त. ‘डॉक्टरांची मारहाण’ आणि ‘डॉक्टरांना मारहाण’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे आणि पहिल्यात डॉक्टर हल्लेखोर ठरतात. ‘चोरी करणाऱ्या तरुणाच्या भावाला अटक’ या मथळ्यात चोरी तरुणाने केली की भावाने? ‘करणाऱ्या’ हे विशेषण लगतच्या नामाला, म्हणजे ‘तरुणा’ला चिकटते. लेखकाला भाऊ अभिप्रेत असेल तर मथळा मोडून नव्याने लिहावा लागेल. मथळा उपसंपादक देतो हे खरे, पण संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांकडून आता मथळाही मागवला जातो.

आरोपांच्या बातम्यांत ‘ल्याचे’ या रूपाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘त्याने रक्कम हडपल्याचे उघड झाले’, ‘हडपल्याचे निष्पन्न झाले’ असे लिहिणारा लेखक ती गोष्ट सत्य मानून सांगत असतो. ‘हडपल्याचे पोलिसांनी सांगितले’ यात ती पोलिसांच्या तोंडी जाते. ‘हडपल्याचा आरोप आहे’ यात ती आरोपाच्या पातळीवर राहते, आणि मग आरोप कोणाचा हेही लिहावे लागते. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत पहिली दोन रूपे वापरू नयेत. दुसरी चूक अशी की परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदा ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ लिहायचे आणि पुढची पाच वाक्ये साध्या भूतकाळात लिहीत जायचे. ‘म्हणण्यानुसार’ची सावली त्याच वाक्यापुरती असते. पुढच्या प्रत्येक आरोपाला त्याचा सांगणारा हवा. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’ यांमागे कोणी नसेल तर ते वाक्यच काढावे.

त्याच बातम्यांत टप्प्यांचे शब्द एकमेकांच्या जागी पडतात. ताब्यात घेणे म्हणजे अटक नव्हे. गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि दोषी ठरवणे हे चार वेगळे टप्पे आहेत. जामीन मिळणे आणि निर्दोष सुटणे यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर. पोलीस कोठडी वेगळी, न्यायालयीन कोठडी वेगळी. आणि कलमे लिहिताना गुन्हा कधी घडला ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते. खुनाचे ३०२ नव्या संहितेत १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८मध्ये गेले. नव्या संहितेत एकूण कलमेच ३५८ आहेत, त्यामुळे ताज्या गुन्ह्याच्या बातमीत ‘भारतीय न्याय संहितेच्या कलम ४२० नुसार’ असे आले तर ती चूक कोणत्याही वाचकाला दाखवता येईल.

‘करण्यात आले’बद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. ‘महापालिकेकडून अतिक्रमणांवर कारवाई करण्यात आली’ या वाक्यातून ‘महापालिकेने अतिक्रमणांवर कारवाई केली’ एवढेच सांगायचे असते. हे निदान लांबण लावणे झाले. ‘रस्ता खोदण्यात आला’, ‘झाडे तोडण्यात आली’, ‘निधी वळवण्यात आला’ ही वाक्ये मात्र जबाबदारी लपवतात, आणि सरकारी प्रसिद्धिपत्रकांत ती म्हणूनच असतात. बातमीदाराने ती जशीच्या तशी उचलली की लपवाछपवीत त्याचाही हात लागतो. कर्ता माहीत नसेल, किंवा सत्काराच्या बातमीसारखा बिनमहत्त्वाचा असेल, तर हे रूप चालेल. एरवी कॉपी पूर्ण झाल्यावर ‘ण्यात आ’ एवढी अक्षरे शोधायला लावावीत आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ असे विचारावे. उत्तर वहीत असेल तर वाक्यात घालावे. वहीत नसेल तर फोन करावा.

परभाषेची दुसरी खूण म्हणजे वाक्याच्या शेपटाला लावलेला ‘ज्यात’, ‘ज्यामुळे’, ‘ज्याने’. ‘काल गोदामाला आग लागली, ज्यात तीन कामगार जखमी झाले.’ मराठी वाक्य असे मागून लोंबत नाही. ‘काल गोदामाला लागलेल्या आगीत तीन कामगार जखमी झाले’ ही मराठीची रीत. पण या रीतीचाही अतिरेक होतो. ‘गेल्या वर्षी मंजूर झालेल्या व अर्धवट राहिलेल्या आणि आता पुन्हा सुरू झालेल्या पुलाच्या कामाच्या पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी’ इथपर्यंत आल्यावर वाचकाचा दम संपतो. एका नामामागे अशी दोन विशेषणे पुरेत. तिसरे आले की पूर्णविराम देऊन दुसरे वाक्य करावे. इंग्रजी प्रसिद्धिपत्रक भाषांतराच्या यंत्रात घालून मिळणारा मजकूर तर या सगळ्या दोषांनी भरलेला असतो: ‘द्वारे’, ‘जे’, मागून लोंबणारी वाक्ये, आणि स्त्री-अधिकाऱ्याला पुल्लिंगी क्रियापद. असा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पत्रकातली माहिती टिपून घेऊन बातमी कोऱ्या पानावर लिहिली तर वेळ कमी लागतो.

आता गावांच्या आणि माणसांच्या नावांकडे वळू. ‘पुणेमध्ये’, ‘ठाणेमध्ये’, ‘गोवामध्ये’ ही रूपे अलीकडे फार दिसू लागली आहेत. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नावाचे सामान्यरूप होते: पुण्यात, ठाण्यात, धुळ्यात, गोव्यात, साताऱ्यात, अकोल्यात, फोंड्यात, म्हापशात. ‘मध्ये’च वापरायचे असेल तर ‘पुण्यामध्ये’. वर्धा शहर असेल तर ‘वर्ध्यात’, नदी असेल तर ‘वर्धेला पूर’. आडनावांबाबत मात्र वृत्तपत्रांनी शोधलेली वाट सोयीची आहे. ‘पाटलांनी’, ‘फडक्यांनी’ ही रूपे शुद्धच आहेत, पण ‘पाटील यांनी’, ‘फडके यांनी’ लिहिले की मूळ आडनाव शाबूत राहते आणि आदरही राखला जातो. यादी असेल तर ‘यांनी’ शेवटच्या नावानंतर एकदाच.

आदरार्थी रूपातला अनुस्वार विसरू नये. ‘मुख्यमंत्र्यानी’ चूक, ‘मुख्यमंत्र्यांनी’ बरोबर. ‘राष्ट्रपतीना’ चूक, ‘राष्ट्रपतींना’ बरोबर. एकाच बातमीत एका माणसाला वर ‘त्यांनी’ आणि खाली ‘त्याने’ असे होऊ देऊ नये. आरोपींना एकेरी लिहिण्याची प्रथा जुनी आहे. निकालाआधीच माणसाची पत उतरवणारी ही प्रथा आम्हांला पटत नाही, पण निदान एका बातमीत तरी एकच रूप असावे.

ऱ्हस्व-दीर्घ आम्ही मुद्दाम उशिरा घेतले. हा विषय अफाट आहे असा समज असल्यामुळे लोक त्याच्या वाटेलाच जात नाहीत. प्रत्यक्षात मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. सगळे मिळून १८, काही पानांत मावणारे. रोजच्या कॉपीतल्या बहुतेक चुका त्यांतल्या चार-पाच नियमांत सापडतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: कवी, गती, वस्तू, गुरू, सुरू, इत्यादी. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद, तसेच ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृत अव्यये. ‘कि’ असे मराठीत नाही, नेहमी ‘की’. हेच संस्कृत शब्द समासात पहिले आले की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, गतिरोधक, वस्तुस्थिती, गुरुवार, भूमिपूजन, कृषिमंत्री, मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, विद्यार्थिसंख्या. ‘मंत्रीमंडळ’ आणि ‘कृषीमंत्री’ ही रूपे राजकीय बातम्यांत रोज येतात, म्हणून तेवढी दोन तरी भिंतीवर लिहून ठेवावीत. मुळातच दीर्घ असलेला शब्द दीर्घच राहतो: नदीकाठ, लक्ष्मीपूजन.

शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ: पोलीस, वकील, गरीब, बहीण, जमीन, दूध, ऊस, पीक, मूल, चूक. प्रत्ययासाठी शब्दाचा शेवट बदलला की तोच ऱ्हस्व होतो: पोलिसांनी, वकिलाला, बहिणीला, दुधाचा, उसाला, पिकांचे, मुलांना, नागपुरात. शेवट बदलला नाही तर दीर्घ तसाच: नागपूरला, ऊसतोड, पीकविमा, दूधसंघ, पोलीसपाटील. म्हणजे ‘ऊसदर’ पण ‘उसाचा दर’. २०२४ साली सुरू झालेल्या शासकीय योजनेचे नाव ‘लाडकी बहीण’ आहे. ‘लाडकी बहिण’ चूक आणि ‘लाडक्या बहिणींना’ बरोबर, हे वरच्या दोन वाक्यांतून निघते. ‘माहीत’ दीर्घ आणि ‘माहिती’ ऱ्हस्व, ‘सुरू’ दीर्घ आणि ‘सुरुवात’ ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत. गुण, विष, मंदिर, चतुर ऱ्हस्वच. शरीर, गीत दीर्घच, प्रत्यय लागला तरी शरीरात, गीताला. इथे तर्क चालत नाही, शब्दकोश उघडावा. प्रत्ययांपुरती सोय मात्र आहे: ‘इक’ व ‘इत’ ऱ्हस्व (सामाजिक, आर्थिक, संबंधित, प्रकाशित) आणि ‘ईय’ दीर्घ (राष्ट्रीय, शासकीय).

जोडाक्षरांत ‘महत्त्व’, ‘तत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांत दोन त, कारण मूळ शब्दाच्या शेवटी त आहे आणि पुढे ‘त्व’ लागतो. ‘नेतृत्व’, ‘अस्तित्व’, ‘सदस्यत्व’ यांत एकच. ‘उज्ज्वल’ आणि ‘तज्ज्ञ’ यांत ज दोनदा. ‘राहणे’, ‘पाहणे’, ‘वाहणे’ असे लिहावे. ‘रहाणे’, ‘पहाणे’ नव्हे. आज्ञार्थात ‘राहा’, ‘पाहा’ यांबरोबर ‘रहा’, ‘पहा’ही चालतात.

टंकलेखनातल्या काही चुका डोळ्यांना दिसत नाहीत, पण पान लावताना छळतात. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांत विसर्गाच्या जागी बरेच जण अपूर्णविराम (:) टाइप करतात. मग संगणक शब्द तिथे तोडतो, ओळीच्या शेवटी ‘दु’ एकीकडे आणि ‘ख’ दुसरीकडे जातो, शोध घेतला तर शब्द सापडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह संयोगचिन्हाची कळ दाबली की विसर्ग मिळतो. ‘साताऱ्यात’, ‘शेतकऱ्यांना’ यांतल्या ‘ऱ्य’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. तो ‘र्या’ असा रफाराने लिहिला तर ‘शेतकर्यांना’ असे चुकीचे रूप छापले जाते. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ॲ एकच अक्षर म्हणून टाइप करावा. अ वर वेगळा चंद्र चढवला तर काही फॉन्टमध्ये तो बाजूला पडतो. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले आहे, तेव्हा त्यांना बिचकण्याचे कारण नाही. कार्यालयात जुन्या धाटणीचा फॉन्ट असेल तर युनिकोडमधून रूपांतर करताना नेमकी हीच अक्षरे बिघडतात. म्हणून पहिल्याच वेळी संबंधित उपसंपादकाला विचारावे आणि या अक्षरांची एक ओळ चाचणीसाठी पाठवावी.

आकड्यांची चूक दुरुस्तीपत्रकापर्यंत पोहोचते. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. हे कागदावर लिहून समोर ठेवावे, डोक्यात करू नये. व्याजदर चार टक्क्यांवरून सहा टक्के झाला तर वाढ दोन टक्क्यांची नसते. ती दोन टक्केबिंदूंची, किंवा मूळ दराच्या पन्नास टक्के. धरणाच्या बातमीत टीएमसी (शंभर कोटी घनफूट) हे साठ्याचे माप आणि क्युसेक (दर सेकंदाला एक घनफूट) हे प्रवाहाच्या वेगाचे. क्युसेकमध्ये ‘दर सेकंदाला’ आधीच आहे, तेव्हा ‘प्रतिसेकंद क्युसेक’ लिहू नये. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले तर एक टीएमसी होते, एवढे लक्षात ठेवले की हाती आलेला आकडा खरा वाटतो का, ते लगेच ताडता येते. एकर ४० गुंठ्यांचा, हेक्टर सुमारे २.४७ एकरांचा. आणि ‘काल’, ‘आज’, ‘येत्या रविवारी’ यांच्या जागी तारीख आणि वार दोन्ही लिहावेत, कारण आपली कॉपी कोणत्या दिवशी लागेल हे बाहेरच्या लेखकाला ठाऊक नसते.

तपासण्याचा क्रम आम्ही असा सुचवू. कॉपी संपली की आधी फक्त क्रियापदे आणि त्यांचे कर्ते वाचत जावे. दुसऱ्या फेरीत नावे, हुद्दे, आकडे आणि तारखा वहीशी ताडाव्यात. या फेरीत भाषा पाहू नये, दोन्ही एकदम पाहिले तर दोन्ही निसटतात. तिसऱ्या फेरीत अपूर्णविराम, ‘ण्यात आ’ आणि ‘ज्या’ हे शोधून पाहावे. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ, आणि तेही शेवटच्या परिच्छेदापासून वर, म्हणजे मजकुराच्या ओघात डोळा घसरत नाही. शक्य असेल तर लिहिले त्यापेक्षा वेगळ्या फॉन्टमध्ये किंवा कागदावर वाचावे. पाचशे शब्दांच्या बातमीला हे सगळे साधारण वीस मिनिटांत होते. घाई असेल तर चौथी फेरी सोडावी, पहिल्या दोन कधीही सोडू नयेत.

संपादक महोदय, यातली काही कामे लेखकाच्या हातची नाहीत. आरोपी, खेळाडू आणि कलाकार यांना एकेरी लिहायचे की नाही, ‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, परदेशी नावांचे कोणते रूप घ्यायचे, हे प्रत्येक वृत्तपत्राने ठरवायचे असते, आणि बहुतेक ठिकाणी ते ठरलेलेही असते. फक्त ते कार्यालयाबाहेर कोणाला माहीत नसते. आपल्या दैनिकाचे शैलीपत्रक दोन-तीन पानांचे का होईना, पण बाहेरून लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठवावे. त्यासोबत, लेखकाच्या कॉपीत केलेल्या दुरुस्त्या त्याला महिन्यातून एकदा तरी परत दाखवण्याची पद्धत सुरू करावी. तो ‘मंत्रीमंडळ’ लिहितो आणि आपण दरवेळी मुकाट्याने ‘मंत्रिमंडळ’ करतो, तोवर तो ‘मंत्रीमंडळ’च लिहीत राहणार.

कळावे,
मुद्रितशोधन व संपादन करणारे काही वाचक, पुणे